अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर कधीच नको, ताई

बेळगावजवळच्या खानापूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘आमचं घर जुनं, परसात विहीर, संडास मागच्या बाजूला. गणपतीच्या आधी घर धुवायला काढलं होतं. संडासच्या भांड्यावरचा पिवळा थर निघेना म्हणून दुकानातून आणलेलं सुटं अ‍ॅसिड ओतलं. तरी निघेना, तेव्हा विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर मूठभर वरून टाकली आणि खाली बसून घासायला लागले. एकदम घसा धरला, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. कशीबशी बाहेर आले. दीड महिना झाला तरी खोकला गेलेला नाही. जिना चढला, फोडणी घातली की ढास लागते. डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी आहे. सासूबाईंना फिनेलचा वास आल्याशिवाय घर स्वच्छ झालं असं वाटत नाही. कामाला येणाऱ्या अक्कांचे हात पावडरीनं फुटलेत. पुढच्या महिन्यात मुलगी बाळंतपणाला येतेय. बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ट्रंकेत डांबर गोळ्या घालून ठेवलीत. मोबाईलवर लोक सांगतात, सगळी केमिकल फेका, सोडा आणि व्हिनेगर वापरा. सगळंच फेकू का? आणि हे सगळं पाणी आमच्या विहिरीत उतरत तर नसेल? उरलेल्या अ‍ॅसिडचं काय करू?’

ताई,

आधी खोकल्याचं बोलू. बाकी सगळं चार दिवस थांबेल, हे थांबवू नका.

त्या दिवशी तुमच्या संडासात तयार झाला तो क्लोरीन वायू. ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन चुन्याशी बांधून ठेवलेला असतो; पावडर ताजी आणि चांगली असेल तर वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा. बांधलेला असतो म्हणूनच आपण ती डब्यात भरून घरात ठेवू शकतो. वरून अ‍ॅसिड पडलं की ते बंधन सुटतं आणि क्लोरीन एकदम मोकळा होतो. पावडरीच्या जागी बाटलीतलं पातळ ब्लीच असतं, किंवा सुट्या अ‍ॅसिडच्या जागी कंपनीचा टॉयलेट क्लीनर असता, तरी हेच झालं असतं, कारण आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असतं. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 ला, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं समोरच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तुमच्या संडासात तो अर्थातच फार थोडा होता. पण वस्तू तीच, आणि ती घराघरांत दोन वेगळ्या डब्यांत शेजारी शेजारी ठेवलेली असते.

हा वायू हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. आता आपली सफाईची रीत बघा. भांडं खाली, घासायला उकिडवं बसायचं, डोकं भांड्यावर वाकवायचं, पाणी बाहेर उडू नये म्हणून दार ओढून घ्यायचं. झरोका असतो तो वर छताला लागून. म्हणजे वायू जिथं साठतो नेमकं तिथं आपलं नाक. लहान पोर आईच्या मागोमाग दाराशी येऊन उभं राहिलं, तर त्याचंही. ओढणी बांधली, कापडी मास्क लावला तर धूळ अडते. वायू अडत नाही.

डोळे, घसा, श्वासनळ्या आतून ओलसर असतात. क्लोरीन त्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथल्या तिथं आम्ल बनवतो. बहुतेकांचं हे काही दिवसांत भरून येतं. काही जणांच्या श्वासनळ्या मात्र पुढं कितीतरी महिने हळव्या राहतात. फोडणी, उदबत्ती, गार वारा, जिना, कशानंही खोकला उसळतो, छातीत शिट्टी वाजते. एकदाच, पण जोरात असा वायू छातीत गेल्यावर दम्यासारखा त्रास मागे लागतो, हे डॉक्टरांनी 1985 मध्ये वेगळं नाव देऊन नोंदवलं. तुम्ही लिहिलेलं सगळं त्याच्याशी जुळतं. तुमचा आजार तोच, असं पत्र वाचून मी ठरवणार नाही, पण नुसती अ‍ॅलर्जी म्हणून हे सोडून देऊ नये इतकं नक्की सांगते.

डॉक्टरांना तुम्ही नेमकं काय सांगितलंत? ‘साफसफाई केल्यापासून खोकला आहे’ एवढंच सांगितलं असेल, तर ते धुळीची अ‍ॅलर्जी समजणार. पुन्हा जा आणि शब्द असे वापरा: ‘अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर पडली, त्यातून निघालेला वायू छातीत गेला, त्या दिवसापासून हा खोकला आहे.’ स्पायरोमेट्री करायची का, हे तुम्ही होऊन विचारा. नळीत जोरात फुंकून फुप्फुसांत किती हवा मावते, किती वेगानं बाहेर पडते, हे त्यात मोजतात. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत ती होते. पंप ओढायला दिला तर घाबरू नका. ‘पंपाची सवय लागते’ हे आपल्याकडं फार ऐकू येतं आणि त्यापायी लोक पोटात गोळ्या घेत बसतात. पंपातलं औषध थोडं असतं आणि नेमकं जिथं हवं तिथं पोचतं. शिवाय दोन आठवड्यांवर गेलेला खोकला कुठल्याही कारणानं असो, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यायचीच. ती तपासणी फुकट होते. क्षयरोग नाही हे कागदावर आलं की मनातलं एक ओझं उतरतं.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी इथंच एक सांगते. असं कुणाकडून झालंच, तर पाणी ओतायला, घासून संपवायला आत थांबू नका. दार उघडं टाकून बाहेर मोकळ्या हवेत या. अंगावरचे कपडे बदला, डोळे साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं तरी धुवा, आडवं न होता बसून राहा. श्वास लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 108 ला फोन करा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी पुढचा एक दिवस त्या माणसाला एकटं सोडू नका, कारण फुप्फुसांत पाणी भरायला कधी कधी काही तास जातात. संध्याकाळी ठीक असलेला माणूस रात्री दम लागून उठतो, तो यामुळं.

आणि पावडरीचं फक्त अ‍ॅसिडशीच वाकडं असतं असंही नाही. लघवीत, शेणामुतात अमोनिया असतो. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामीन नावाचे वायू निघतात. तेही छाती धरतात. खानापूर तालुक्यात अजून घरोघरी गोठे आहेत. पावसाळ्यात माशा झाल्या म्हणून गोठ्यात मुताच्या ओलीवर पावडर फेकायची रीत आहे, ती बंद करायला हवी. आधी भरपूर पाण्यानं गोठा धुऊन काढायचा, पाणी वाहून जाऊ द्यायचं, मग हवी तर पावडर. लिंबू, चिंच, व्हिनेगर हीसुद्धा आम्लंच. ‘घरातलं आहे, त्यानं काय होतंय’ म्हणून ब्लीचमध्ये लिंबू पिळणारे लोक आहेत. ब्लीचबरोबर फक्त पाणी. दुसरं काहीही नाही, साबणाची पावडरसुद्धा नाही.

आता तो पिवळा थर. पाण्यातले क्षार आणि लघवीतले क्षार एकावर एक बसून तो तयार होतो. ब्लीचिंग पावडरीनं तो निघतच नाही. पावडर जंतू मारते, रंग उडवते. क्षार विरघळवणं तिचं काम नव्हे. म्हणजे तुम्ही वरून टाकलेली मूठ, वायू झाला नसता तरी, वायाच जाणार होती. क्षार निघतात आम्लानंच, पण त्यासाठी जहाल अ‍ॅसिड लागत नाही. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, त्यालाच सायट्रिक अ‍ॅसिड म्हणतात. रात्री भांड्यातलं पाणी ब्रशनं पुढं ढकला, तीन-चार चमचे लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून थरावर ओता आणि तसंच राहू द्या. सकाळी घासा. थर वर्षानुवर्षांचा असेल तर तीन-चार रात्री करावं लागेल. धीर धरला तर निघतो.

एक मात्र बघा. हे फक्त चिनीमातीच्या भांड्यात. भोवती शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर कुठलंच आम्ल नको. शहाबाद आपल्याच कर्नाटकातलं, कलबुर्गी जिल्ह्यातलं, आणि तिथला तो दगड चुनखडीचा. अ‍ॅसिड पडल्यावर फरशीवर जो फेस येतो तो मळ निघाल्याचा नसतो, दगड विरघळत असल्याचा असतो. वरचा गुळगुळीत पापुद्रा गेला की फरशी खरखरीत होते, खरखरीत दगडात मळ लवकर बसतो, मग आणखी अ‍ॅसिड. बेळगाव-खानापूरकडच्या कितीतरी जुन्या न्हाणीघरांतल्या फरशा अशाच पांढरट, खडबडीत झालेल्या मी बघितल्यात. दोन फरश्यांमधलं सिमेंटही असंच खाल्लं जातं, आणि मग पाणी खाली मुरत राहतं.

सुटं अ‍ॅसिड घरात आणूच नका. तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक ते पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत मिळालं असेल. तहानलेल्या पोराला, रात्री अंधारात उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यात फरक कळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 18 जुलै 2013 ला अ‍ॅसिडविक्रीवर बंधनं घातली: नोंदवही ठेवल्याशिवाय दुकानदारानं सुटी विक्री करायची नाही, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, 18 वर्षांखालच्याला द्यायचं नाही. बाजारात हे किती पाळलं जातं ते आपण बघतोच. आपण मागायचं बंद केलं तर निदान आपल्या घरापुरता प्रश्न मिटतो. आणि कुणाच्या पोटात अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा किंवा गटार मोकळी करायची पावडर गेलीच, तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. जाताना एकदा भाजलेली अन्ननलिका येताना पुन्हा भाजते. तोंड धुवा, बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, 1800 116 117. हा नंबर फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

अक्कांच्या हातांकडं आता वळते, कारण पत्रात तुम्ही ते आवर्जून लिहिलंत आणि मला ते आवडलं. धुण्याच्या पावडरीत कपडे आणि भांडी बुडवून रोज चार घरं केली की कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, मग चिरा पडतात, आणि चिरलेल्या कातडीला साधी पावडरसुद्धा आग करते. त्यांना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणून द्या, मापाचे. सैल मोज्यांत पाणी शिरलं तर उलट जास्त त्रास. काम झालं की हात कोरडे पुसून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. पावडर पाकिटावर सांगितलेल्या मापानंच घ्यायची, मुठीनं नाही. आणि संडास घासायचं काम त्यांच्याकडं असेल तर वायूची गोष्ट त्यांना समोर बसवून सांगा, हवं तर कन्नडमध्येच: ‘एरडू कूडिसबेड्री,’ म्हणजे दोन्ही एकत्र करू नका. बाटल्यांवरची सूचना असते बारीक इंग्रजीत. तुमच्या सासूबाई मराठी शाळेत शिकलेल्या, अक्का कदाचित कधी शाळेत गेल्याच नसतील. अ‍ॅसिड असलेल्या बाटलीला लाल चिंधी आणि ब्लीचच्या डब्याला पांढरी बांधा. दोन्ही चिंध्या एका वेळी हातात येता कामा नयेत, एवढा नियम घरात सगळ्यांना कळतो. दोन्ही ठेवायच्याही वेगवेगळ्या ठिकाणी.

हे काम करणाऱ्या बाईच्या छातीचं काय होतं, यावर अभ्यास झालेत. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये युरोपातल्या सहा हजारांहून जास्त लोकांची वीस वर्षांची नोंद मांडली. घरची सफाई करणाऱ्या आणि तेच काम पोटासाठी करणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या बायकांची फुप्फुसं, सफाई न करणाऱ्या बायकांपेक्षा जास्त वेगानं उताराला लागली होती. त्याआधी 2007 च्या एका युरोपीय अभ्यासात असंही दिसलं होतं की आठवड्यातून एकदा जरी फवारायचे क्लीनर वापरले तरी दम्याच्या तक्रारी वाढतात. फवाऱ्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि थेट आत ओढले जातात. काच, ओटा, टाईल्स यांसाठी स्प्रे आणला असेल तर तो हवेत न उडवता फडक्यावर घ्या आणि फडक्यानं पुसा. दमा असलेल्या माणसानं तर स्प्रेच्या वाटेला जाऊच नये, आणि सध्या तुम्हीही नाही.

सासूबाईंचं फिनेल. त्यांच्या पिढीनं पटकी, देवी यांच्या साथी बघितल्या. त्या काळात फिनेलचा वास म्हणजे दवाखान्यातली स्वच्छता. त्यांना तो वास धीर देतो, तर ते समजून घ्या. पण वास आला म्हणजे जंतू मेले असं नाही. शेवाळलेल्या, चिकट फरशीवर फिनेल ओतलं तर ते मळातच खर्ची पडतं. आधी साबणानं मळ काढायचा, जंतू बरेचसे त्याबरोबरच जातात. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून निघणारे फिनॉलच्या जातीचे पदार्थ असतात, पाणी न घालता ते कातडीला लागलं तर भाजतं. घरात मांजर असेल तर जास्तच जपायला हवं. फिनेलच्या फरशीवरून चालून ते पाय चाटतं, आणि हे पदार्थ पचवायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. माझं मत विचाराल तर तोडगा असा काढा: मोरीत आणि संडासात, बादलीभर पाण्यात झाकणभर फिनेल सासूबाईंच्या समाधानासाठी राहू द्या. स्वयंपाकघर, देवघर आणि बाळंतिणीची खोली साध्या पाण्यानं पुसा.

बाळंतिणीच्या खोलीवरून त्या ट्रंकेवर येते. तुमच्या पत्रातली ही एक ओळ वाचून मी खरोखर धास्तावले. डांबर गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. ते हळूहळू उडतं आणि कापडाच्या धाग्यांत जाऊन बसतं. अशा कपड्यांत गुंडाळलेल्या नवजात बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून ते रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. पेशी फुटल्या की कावीळ चढते. चार दिवसांच्या बाळाची कावीळ फार वर गेली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, बाळ दगावल्याच्याही नोंदी आहेत. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. घरात कुणालाच ते माहीत नसतं, आणि अशा बाळाला थोडं नॅफ्थलीनही पुरतं. त्यात आपल्याकडं बाळाला तेल चोळायची रीत. नॅफ्थलीन तेलात विरघळतं. तेलकट कातडीतून ते जास्त आत शिरतं. म्हणजे मालीश करून, आंघोळ घालून, ट्रंकेतलं दुपटं काढून बाळाला घट्ट बांधलं, की जे व्हायला नको त्याची सगळी तयारी आपणच मायेनं करून ठेवलेली असते.

आजच ट्रंक उघडा. गोळ्या काढून टाका. दुपटी, झबली, कुंच्या सगळं गरम पाण्यात धुवा आणि पुढं कितीतरी दिवस कडक उन्हात, वाऱ्यावर घाला. पुन्हा धुवा. नाकाजवळ धरल्यावर पुसटसाही डांबराचा वास येत असेल तर ते कापड बाळासाठी वापरू नका, मग ते तुमच्या आजीच्या लुगड्याचं का असेना. ट्रंकही धुऊन उघडी ठेवा. पत्र्याच्या कोपऱ्यांत वास बसतो. नंतर कपडे भरताना वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा, तो चालतो. गोळ्यांऐवजी कापूर ठेवू नका. कापराचा एखादा तुकडा रांगत्या मुलानं तोंडात घातला तर त्याला झटके येऊ शकतात. जन्मानंतर बाळ पिवळं दिसलं, दूध ओढेना, लघवी गडद झाली तर ‘उन्हात धरलं की जातंय’ म्हणत वाट बघू नका. डॉक्टरकडं न्या आणि घरात डांबर गोळ्या होत्या का, हे त्यांनी न विचारताही सांगा.

मोबाईलवरचे उपाय. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जो फेस येतो तो दिसायला छान, पण त्या फेसात दोघंही एकमेकांना संपवतात. उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत: खाण्याचा सोडा ओट्यावरच्या तेलकटपणाला, जळक्या भांड्याला, व्हिनेगर नळाच्या तोंडाशी बसलेल्या क्षाराला. संत्र्या-लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी घालून तीन महिने आंबवायचं ‘बायो-एन्झाइम’ही सध्या घरोघरी चाललंय. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. फरशी पुसायला, मोरीचा वास घालवायला ते बरं आहे. त्यानं जंतू मात्र भरवशानं मरत नाहीत, आणि पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल केलं नाही तर गॅस साठून बाटली फुटते. काचेची बाटली तर नकोच. रिठा, राख हेही आपलं जुनं आणि चांगलं. पण रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर किती झोंबतं, हे लहानपणी न्हालेल्या प्रत्येकीला आठवत असेल. झाडावरचं आहे म्हणून निर्धोक, असं समजू नका.

म्हणून सगळं फेकू नका. ब्लीचिंग पावडर तर मुळीच नाही. घरात जुलाब-उलट्यांची साथ आली, विहिरीत पुराचं पाणी शिरलं, तर जीव वाचवायला तीच लागते. आणि तुमच्या विहिरीसाठी लागतेच. तुमचा विहिरीचा प्रश्न म्हणूनच जरा वेगळ्या बाजूनं बघायला हवा.

खानापूरची जमीन बरीचशी जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी भरभर मुरतं. तुमच्या संडासाला सेप्टिक टाकी असेल तर तिच्यात कोट्यवधी जिवाणू मैला पचवत असतात. आठवड्यातून दोनदा अ‍ॅसिड आणि ब्लीच ओतलं की ते मरतात किंवा मंदावतात. मग अर्धवट पचलेला मैला शोषखड्ड्यात जातो आणि जांभ्यातून पुढं. विहिरीत ब्लीच पोचायची मला फारशी भीती नाही, ते वाटेतल्या घाणीतच संपतं. भीती आहे ती त्या न पचलेल्या मैल्यातल्या जंतूंची. संडास चकचकीत ठेवण्याच्या नादात विहीर बिघडते, ती अशी. शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर, म्हणजे पन्नास फूट लांब आणि उताराच्या बाजूला हवा. तुमच्याकडं किती आहे, मोजून बघा. कमी असेल तर पाणी उकळूनच प्या, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, विहिरीचं पाणी तपासून घ्या. तपासणीत कोलिफॉर्म जंतू आणि नायट्रेट दोन्ही मागा.

विहिरीत पावडर टाकायचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम. पावडर थेट विहिरीत भिरकावू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची पातळ पेस्ट करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडून हलवा. तळाचा चुना विहिरीत नको. निदान एक तास पाणी उपसू नका. रात्री केलेलं उत्तम.

साबणाच्या पाण्याचं म्हणाल तर ते लांब जातं. तुमच्या दारची मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापुरावरून जाते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात साठते. हुबळी-धारवाडचे लोक तेच पाणी पितात. धुण्याच्या काही पावडरींत फॉस्फेट असतं; ते पाण्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णीला खत मिळतं, ती कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावाचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. 2015 मध्ये त्याचा फेस वाऱ्यानं रस्त्यावर आला, आणि 2017 मध्ये तलावातून धुराचे लोट उठले. तिथं कारखान्यांचं आणि शहराचं सगळंच सांडपाणी होतं, पण फेसाला साबणच लागतो. बेळगावातही बळ्ळारी नाल्यात शहराचं सांडपाणी आणि जलपर्णी. पावसाळ्यात तो फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतो आणि शेतकऱ्याचं भात जातं. नदीवर धुणं नेत असाल तर ते बंद करा, आणि घरचं धुण्याचं पाणी थेट ओढ्यात न सोडता केळी-अळूच्या आळ्यात सोडा. त्या पाण्यात फिनेल, ब्लीच मात्र नसावं.

दिवाळीची सफाई तोंडावर आहे. यंदा जाळी-जळमटं, डबे, पितळ हे तुमच्याकडं राहू दे, पण संडास-मोरी घरातल्या पुरुषांपैकी कुणीतरी घासू दे. छाती बरी होईपर्यंत तुम्ही त्या कामाला हात लावायचा नाही. आणि घासणाऱ्यानं दार सताड उघडं ठेवायचं.

उरलेलं अ‍ॅसिड गटारात किंवा परसात तसंच ओतू नका, कुणाला देऊही नका. घरातल्या धडधाकट माणसाला सांगा: अंगणात, मोकळ्या हवेत, मोठी प्लास्टिकची बादली पाऊण भरून पाणी घ्यायचं; लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची नको. हातमोजे आणि चष्मा घालून अ‍ॅसिड त्या पाण्यात बारीक धारेनं सोडायचं. पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडात पाणी नाही. उलटं केलं तर उसळून अंगावर येतं. मग खाण्याचा सोडा चमच्या-चमच्यानं घालत राहायचं. फेस यायचा थांबला की अ‍ॅसिड संपलं, ते पाणी आणखी पाण्याबरोबर मोरीत सोडता येतं. रिकामी बाटली धुऊन, भोक पाडून टाका, म्हणजे कुणी पुन्हा भरणार नाही. आणि घेतलेल्या बादलीत आधी ब्लीचिंग पावडर कालवलेली नव्हती ना, हे सगळ्यात आधी बघून घ्या.